मे महिन्याचं पान

६ जानेवारी

रंगशेठचं कॅलेंडर छापून आलं. छापखानेवाल्याने एक प्रत घरी पाठवली; बाकीच्या चार दिवसांपूर्वीच परस्पर शेठच्या रंगाच्या दुकानात गेल्या. तारेचं बाइंडिंग सरळ बसलंय. रविवारचा लाल मागच्या वर्षी विटकरीकडे झुकला होता, या वर्षी नाही — शाईचा नमुना तीनदा परत पाठवला त्याचं चीज झालं. तारखांचे आकडे मी स्वतः काढलेत, विकतचे नाहीत. एक आणि नऊ लांबून सारखेच दिसतात, ही आपल्या आकड्यांची जुनी खोड. दहा फुटांवर उभा राहून बघितलं. या वेळी दिसत नाहीत.

मग भिंग घेऊन एकेक पान. जानेवारी छान. फेब्रुवारी छान. मार्चला डावा समास अर्धा मिलिमीटर जास्त — ते फक्त मलाच दिसेल. एप्रिल. मे.

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत रंगकामाची एक सूचना आहे. ओल्या भिंतीला रंग लावू नये, उरलेल्या रंगाचा डबा उलटा ठेवावा, असल्या. बारा महिन्यांच्या बारा. मेच्या पानावर सूचना नाही. तिथे हे छापलंय :

"दर्शनी भिंतीवर दादाने पहिलं अक्षर काढलं, तेव्हा मी शिडीखाली नुसता डबा धरून उभा होतो."

खुर्चीत बसलो. परत वाचलं. भिंग बाजूला ठेवून वाचलं. तेच.

हे माझं वाक्य. गिऱ्हाइकाचा मजकूर यायचा असला की कच्च्या आराखड्यात मी ते भरतो. वीस वर्षं तरी भरतोय. का, तर त्यात सगळं आहे — रफार आहे, क्ष आहे, डोक्यावर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही उकार, जाड ढ, बारीक न. एवढं नीट बसलं की पानात काहीही नीट बसतं. ते वाचण्यासाठी नाहीच. मजकूर आला की पुसायचं असतं.

दोन हजार प्रती. दर वर्षी रंगशेठ त्या शहरातल्या झाडून सगळ्या पेंटरांना वाटतो. म्हणजे दादालाही. मे महिन्याची एक तारीख आली की दादा पान उलटणार आणि वाचणार. नऊ वर्षं आम्ही बोलत नाही.

७ जानेवारी

प्रूफ काढून बघितलं. मीच तीनदा तपासलेलं. माझी सही तीनदा. शेवटच्या सहीखाली माझ्याच अक्षरात "चूक नाही".

कसं सुटलं? मला ते वाक्य दिसतच नाही, हे खरं कारण. इतक्या वर्षांत त्याचे शब्द गळून गेलेत. मला दिसतो फक्त करडा पट्टा. पट्टा दाट आहे की विरळ, एवढंच मी बघतो.

९ जानेवारी

रंगशेठच्या दुकानात गेलो. डबे हलवायच्या यंत्राचा खडखडाट, त्यात माणसाला ओरडून चूक कबूल करावी लागते. म्हटलं, "शेठ, मेच्या पानावर चूक झालीय."

"तारीख चुकली?"

"नाही. तळाचं वाक्य. तुम्ही मेची सूचना पाठवलीच नव्हती, माझं जागा भरायचं वाक्य तसंच राहिलं."

त्याने कॅलेंडर उतरवलं, वाचलं. यंत्र बंद करायला लावलं. परत मोठ्याने वाचलं, काउंटरवरच्या दोघा पेंटरांनाही ऐकवलं.

"हे तुमचं आहे होय? मला वाटलं मीच पाठवलं असेल. अहो, अकरा सूचना कुणी वाचत नाही. हेच तेवढं वाचतायत. आमचा सगळ्यात म्हातारा पेंटर परवा म्हणाला, कुणी लिहिलंय, त्याने डबा धरलेला आहे नक्की."

"पण चूक ती चूक. मी चिकटवायला पट्ट्या छापून देतो."

"दोन हजार घरांत जाऊन कोण चिकटवणार? तुम्ही?" मग मान तिरकी करून, "दादा कोण?"

म्हटलं, "असाच. वाक्यातला."

घरी येताना वाटलं, आपण असं का म्हणालो. वाक्यातला!

१५ जानेवारी

लिहूनच टाकतो, निदान इथे तरी सरळ.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पाट्या रंगवतो, अजूनही. मी त्याच्याबरोबर शाळा बुडवून हिंडायचो. पुढे मी कागदाकडे गेलो, कॉम्प्युटरकडे गेलो. तो शिडीवर राहिला. भांडण नव्हतं. रविवारी काम घेऊन जायचो, तो सुताराची लाल पेन्सिल घेऊन बसायचा. बोलायचा नाही. चुकलेल्या अक्षराभोवती गोल. दोन गोष्टींच्या जागा चुकल्या तर त्यांच्यामधून नागमोडी रेघ. सगळं ठीक असेल तर खाली कोपऱ्यात छोटीशी बरोबरची खूण. ती खूण मला आयुष्यात दोनदा मिळाली.

नऊ वर्षांपूर्वी बक्षीस मिळालं, वर्तमानपत्राच्या पुरवणीत मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, अक्षराचं शिक्षण कुठे घेतलं? मी म्हणालो, कुठेच नाही, कुणाकडेच नाही. त्यांनी तोच मथळा केला : "माझा मी शिकलो". अर्ध्या पानाचा फोटो, मी हाताची घडी घालून.

खोटं होतं का ते? कॉलेजची पायरी चढलो नाही. रंगांची पुस्तकं रद्दीतून आणली. एकही सॉफ्टवेअर कुणी शिकवलं नाही. मला त्याचा अभिमान आहे, का नसावा? पण मुलाखतीनंतरचा रविवार आला तेव्हा मी दादाकडे गेलो नाही. पुढचाही नाही. मग दादाकडूनही काही आलं नाही. त्याने बोलणं टाकलं.

तो ते वाक्य वाचेल तेव्हा काय समजेल? की मी जाहीर माफी मागतोय? की मी कॅलेंडर छापून त्याचीच चेष्टा करतोय? की म्हणेल, नऊ वर्षांनी, तेही असल्या बारीक अक्षरात, महिन्याच्या तळाशी — एवढीच जागा दिली मला?

मलाच ठाऊक नाही मी काय म्हणतोय त्यात.

२३ जानेवारी

दातांच्या डॉक्टरांची पाटी. त्यांना हसणारा दात हवाय. मी म्हटलं, "दाताला तोंड काढलं तर त्या तोंडातल्या दातांचं काय? त्यांना परत तोंडं?" ते हसले आणि म्हणाले, "बरं, नको." दात नाही, नुसती पांढरी गोलसर पाटी, एका बाजूला किंचित जड — दाढेसारखी. सांगायची गरज पडू नये अशी.

चहा घेताना म्हणाले, "दादा कसे आहेत?"

"कोण दादा?"

"तुमचे. तुमच्या प्रत्येक डिझाइनमध्ये असतात ते. माझ्या कार्डावर होते, पहिल्या माहितीपत्रकात होते. मी मागच्या वेळी बायकोला म्हटलं, या माणसाचं भावावर फार प्रेम आहे."

मी चहा पुरा केला. पुरा केला की नाही आठवत नाही.

म्हणजे सगळ्यांनी वाचलंय. वीस वर्षांतल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांनी! एकीकडे मी त्यांना सांगत होतो माझा मी शिकलो, आणि त्याच कागदावर, खाली, हे.

२४ जानेवारी

आता ते वाक्य भरवत नाही. पुसून टाकलं.

२ फेब्रुवारी

नवं वाक्य जमत नाही.

११ फेब्रुवारी

बेकरीचं काम. पावाच्या वेष्टनाचा कागद, दोन रंग, त्यातला एक तपकिरी असलाच पाहिजे असा बेकरीवाल्या बाईंचा हट्ट. "पाव कसा दिसतो तसाच कागद दिसू दे." पाव आणि कागद सारखे दिसले तर लोक कागद खातील, हे मी बोललो नाही. तपकिरी मान्य केला पण कडेला न्यायचा, मधे पांढरी जागा ठेवायची, वाफ धरते तशी. कल्पना चांगली आहे. पण पान उभं राहीना.

"येथे मजकूर येईल" असं भरलं. मेलेलं दिसलं. वर्तमानपत्रातला परिच्छेद भरला — दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखा. बायकोच्या गणिताच्या पुस्तकातलं उदाहरण भरलं, दोन नळ आणि टाकी. त्यात आकडेच फार. स्वतः एक वाक्य जुळवलं, मुद्दाम सगळी अक्षरं घालून. वाचलं तर वेड्याने लिहिल्यासारखं — क्षत्रिय, ऋण, ढोली, यज्ञ, काहीही.

इतकी वर्षं समजत होतो की ते वाक्य अक्षरांसाठी निवडलं. ती सगळी अक्षरं या नव्या वाक्यातही आहेत, जास्तच आहेत. मग पान का बसत नाही? काना ओढताना तर अजून वाक्यातली ती दर्शनी भिंत, लाकडाच्या वखारीची, डोळ्यापुढे येते. तिच्यावरचा तो "ला", त्याचा सरळ काना. मोजपट्टी लावून केलेला माझा काना तितका सरळ कधीच आला नाही.

बायको वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं गणित उलटं आहे. उत्तर आधीच छापून टाकलंत, आता पायऱ्या शोधताय."

११ फेब्रुवारी, परत

तिला शिक्षक असल्याचा फार गर्व आहे.

२६ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाईंची तक्रार : लोक "शांतता राखा" ही पाटी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. अख्ख्या इमारतीच्या दिशादर्शक पाट्या करायच्यात. मी सगळ्या मजल्यांवर दोन दिवस नुसता हिंडलो. माणसं कुठे अडखळतात ते पेन्सिलीने नकाशावर. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर प्रत्येक माणूस थांबतो आणि मागे बघतो. तिथे पाटी हवी असं कुणीही म्हणेल. मला वाटतं तिथे पाटी नकोच, उजेड हवा. बाईंना पटलं. पाटी करणाऱ्याने पाटी नको म्हणावं म्हणून त्या माझ्याकडे जरा संशयाने बघत होत्या.

काम सुचतंय. चांगलंच सुचतंय. फक्त अक्षरं भरायची वेळ आली की हात थांबतो.

८ मार्च

बायकोने विचारलं, "कोणतं अक्षर होतं?"

"कुठलं?"

"पहिलं. दादांनी काढलं ते."

लाकडाच्या वखारीची दर्शनी भिंत, तेव्हा अक्षर "ला"च असणार. पण असणार म्हणजे काय? मी तिथे होतो. अकरा वर्षांचा होतो. दादा विशीचा. त्याचं पहिलं मोठं काम. भिंतीला चुन्याचा वास होता. दोरी रंगात बुडवून, ताणून, सोडून आखलेली रेघ — फट् असा आवाज — तो ऐकू येतो. डबा जड होता. त्याची तारेची कडी बोटात रुतून वळ उठला होता, लाल-पांढरा, हे तर समोर दिसतं. पण दादाचा हात, ब्रश टेकताना? तो दिसत नाही. शिडीवर नुसती पाठ, तीही नीट नाही. कधी शिडीवरून खाली बघितल्यासारखंही वाटतं. मी शिडीवर कशाला चढेन? माझा शिडीवर चढायचा संबंधच नव्हता.

"म्हणजे 'ला'," बायको म्हणाली.

"मी कुठे 'ला' म्हणालो?"

"चेहऱ्यावरून."

१९ मार्च

वहिनींना फोन केला. वहिनींशी तसं बोलणं आहे, सणावारी नाही पण आजारपणात. आधी डोळ्यांचं विचारलं — दादाचे. मग इकडचं तिकडचं. मग अगदी सहज, "रंगशेठचं कॅलेंडर आलं का?"

"आलंय की. स्वयंपाकघराच्या दारामागे लावलंय."

"पुढची पानं बघितली?"

"कशाला बघायची? हे महिना आल्याशिवाय पान उलटू देत नाहीत. म्हणतात ओल्या रंगाला हात लावू नये."

मी हसलो. वहिनींनी विचारलं, "काय झालंय भाऊजी? तुम्ही कॅलेंडरचं विचारायला फोन नाही करणार."

"छपाई बघायची होती. लाल कसा दिसतो तुमच्या उजेडात."

"लालच दिसतो," त्या म्हणाल्या.

२० मार्च

म्हणजे अजून वाचलेलं नाही. सहा आठवडे आहेत.

२८ मार्च

ठरलं. मेचं एकच पान नव्याने छापून घ्यायचं, तळाशी साधी सूचना : "ब्रश वापरून झाल्यावर लगेच धुवावा." त्याच कागदावर, त्याच शाईत. दादाकडे जायचं, बाइंडिंगची तार बारीक पकडीने उघडायची, जुनं पान काढायचं, नवं घालायचं, तार मिटवायची. दोन मिनिटांचं काम. घरी तीन प्रतींवर सराव केला. तिसऱ्या वेळी तारेला ओरखडाही नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भावाच्या घरात घरफोडी."

"चूक दुरुस्त करतोय."

"ती चूक आहे?"

चूक नसेल तर काढतोय कशाला? चूक असेल तर वीस वर्षं रोज का लिहीत होतो?

६ एप्रिल

नवं पान आलं. लाल एक छटा फिका. परत पाठवलं. छापखानेवाला म्हणाला, "एका पानासाठी?" हो, एका पानासाठी. दादाची नजर अधू झाली असली तरी लालच्या बाबतीत त्याला फसवता येणार नाही.

१४ एप्रिल

दातांच्या डॉक्टरांची पाटी लागली. रस्त्याच्या पलीकडून बघितली. दाढ दिसते. एक बाई लहान पोरीला म्हणाली, "तो बघ दात." दात कुठेच काढलेला नाही. मी तिथेच उभा राहिलो थोडा वेळ, लोकांचे धक्के लागेपर्यंत. अशा वेळी कुणाला दाखवावंसं वाटतं ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही.

२६ एप्रिल

गेलो होतो. दोन बस बदलून. पान नळकांड्यात, पकड खिशात.

वहिनींनी दार उघडलं. आश्चर्य वाटलं असेल तर दाखवलं नाही. "या. हे पाठीमागे आहेत, पत्रा घासतायत. चहा टाकते." त्या गॅसपाशी, मी दारामागच्या कॅलेंडरपाशी. एप्रिल वर होता. मी पान उचललं.

खाली जून.

परत मोजलं. मार्च, एप्रिल, जून. तारेपाशी कागदाची बारीक पट्टी राहिलेली, सरळ — पोलादी पट्टी लावून ब्लेडने कापलेली. ओढून फाडलेली नव्हे.

"वहिनी, मे कुठे आहे?"

त्या वळल्या. बघितलं. "हे कधी केलं यांनी?"

"मी काढलं," मागून आवाज आला.

दादा दारात. हातात पॉलिश पेपर, पापण्यांवर पत्र्याची धूळ. वाळलाय. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी नळकांडं पाठीमागे धरलं, अकरा वर्षांच्या पोरासारखं.

"कधी?"

"जानेवारीतच. कॅलेंडर आलं त्या दिवशी."

"तू तर महिना आल्याशिवाय पान उलटत नाहीस."

"कागद कुठला वापरलाय ते बघत होतो. तुझं काम होतं ना." हात धुवायला गेला. तिथून म्हणाला, "चूक आहे त्यात."

"हो. माझी. जागा भरायचं वाक्य राहून गेलं."

"प्रूफ बघितलं नव्हतंस?"

"तीनदा बघितलं."

"हं."

मग बसलो. चहा झाला. तो विचारत होता, हल्ली पाट्यांना कुठला चिकट कागद लावता, उन्हात किती टिकतो. मी सांगत होतो. मी म्हटलं, "दातांच्या डॉक्टरांची पाटी केलीय, चौकात." तो म्हणाला, "बघितली. दाढ आहे." एवढंच. नऊ वर्षं मधे पडलीच नव्हती असं बोललो आम्ही, आणि नऊ वर्षांबद्दल एक शब्द नाही.

उठताना विचारलं, "ते पान कुठे आहे?"

"आहे. बघतो सावकाश. चष्म्याचा नंबर बदलायचाय, बारीक अक्षर नीट लागत नाही. नंबर आला की बघतो."

"बघायचं काय त्यात?"

"प्रूफ नीट बघायला नको?" म्हणाला. हसला नाही.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. मी म्हटलं, "त्याने बोलणं टाकलं होतं ना." त्या म्हणाल्या, "हे म्हणतात तुम्ही टाकलंत. म्हणतात, तो मोठा झाला, त्याला रविवार मोकळा मिळत नसेल. मुलाखत आली होती तुमची, ती आहे अजून आतल्या कपाटाच्या दाराला. फोटो वाकडा छापलाय म्हणून रागावले होते त्या दिवशी."

"मुलाखत वाचली त्याने?"

"वाचली. म्हणाले, बरोबर आहे."

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की नवं पान अजून नळकांड्यातच आहे.

२७ एप्रिल

बरोबर आहे, म्हणजे काय बरोबर आहे?

२९ एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टोमणा असेल." थोड्या वेळाने म्हणाली, "नसेलही." तिलाही उत्तर येत नाही, असं पहिल्यांदाच झालं. मला बरं वाटायला हवं होतं.

टोमणा असता तर कपाटाला कशाला लावेल? आणि टोमणा नसेल तर त्याने मला शिकवलं हे त्याला वाटतच नाही की काय? शिडी त्याची, ब्रश त्याचे, रविवार त्याचे. मग मी नऊ वर्षं कशाची लाज बाळगून बसलो?

१ मे

माझ्या भिंतीवरचं पान उलटलं. वाचलं. शब्द दिसले, पट्टा नाही. आज लोक वाचत असतील सगळीकडे.

रंगशेठचा फोन : "बघा, म्हटलं होतं ना. सकाळपासून तीन पेंटर येऊन गेले. एक म्हणाला हा दादा म्हणजे आमचाच उस्ताद."

४ मे

ग्रंथालयाच्या जिन्यात दिवा लागला. बाईंनी बोलावून दाखवला. माणसं थांबत नाहीत आता, सरळ वर जातात. पाट्या आठवड्यात द्यायच्यात. मजकूर बाईंकडून यायचाय. कच्च्या आराखड्यातली जागा रिकामीच ठेवून दिली. बाई म्हणाल्या, "तुमचं ते नेहमीचं नाही भरलंत?"

म्हटलं, "तपासायला गेलंय."

९ मे

पाकीट आलं. आत मे महिन्याचं पान, चौपदरी घडी घातलेलं. वेगळी चिठ्ठी नाही.

लाल पेन्सिल. तळाच्या वाक्यात "दादाने" आणि "मी" यांच्यामधून नागमोडी रेघ. समासात, थरथरत्या पण उभ्या अक्षरात :

"अदलाबदल. ब्रश तुझ्या हातात होता, डबा माझ्या. शिडीवर तूच हट्टाने चढलास. 'ला'चा काना डावीकडे कलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी सरळ केला. तुला सांगितलं नव्हतं. बाकी ठीक."

खाली कोपऱ्यात बरोबरची खूण.

कडीचा तो वळ मला अजून दिसतो, लाल-पांढरा. बोट कुणाचं होतं, ते बघायचं राहून गेलं होतं.